पदर कापू नकोस

"प्रिय मावशी,
आम्ही वसईचे. सासूबाई यंदा ईस्टरच्या आधी गेल्या, त्यामुळे हा त्यांच्याशिवायचा पहिला नाताळ. दरवर्षी त्या पोटमाळ्यावरून पत्र्याचा डबा काढायच्या. आत कापडाचे अकरा तारे, गोठ्यातली कापडी माणसं, कापूस भरलेल्या चार मेंढ्या आणि बाळ येशू. सगळं त्यांच्या हातचं. यंदा डबा मी उघडला तर आत बुरशी. बाळाच्या पांढऱ्या अंगरख्याला टाचण्यांचा गंज लागलाय, एका मेंढीचं पोट फाटलंय. नणंद म्हणते टाकून दे. जाऊ म्हणते तारे वाटून घेऊ. मुलांना बाजारातला दिव्यांचा तारा हवाय.
मी मात्र ठरवलं होतं की या थंडीत सासूबाईंच्या लाल चौकड्यांच्या लुगड्याची गोधडी शिवायची, सगळ्यांसाठी नवे तारे, उशांचे अभ्रे, गोठ्याखाली घालायला सुंदरसं आसन... सतरा कामांची यादी केली. रोज विरार लोकलने दादरला जाते, आठला घरी येते. डिसेंबर लागला आणि मशीनचं झाकणही काढलेलं नाही. लुगडं मांडीवर घेते, कात्री हातात धरते आणि परत ठेवते. त्या असताना 'ये, शिकवते' म्हणायच्या, मी 'नंतर बघू' म्हणायचे. काय करू?
– वसईची एक सून"

तू मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

कात्री परत ठेवलीस ते फार बरं केलंस. मी ठेवली नव्हती, म्हणून आधी माझंच सांगते. माझी आई गेली तो पावसाळा होता आणि पुढच्या थंडीत मी देवगडच्या घरी तिची नऊवारी काढून बसले. तुझ्यासारखंच मनात होतं, की हिची गोधडी करायची, म्हणजे आई पांघरल्यासारखी होईल. घरात सगळे झोपलेले. मी एका रात्रीत अख्खं लुगडं कापून त्याचे चौकोन केले आणि एकावर एक रचून ठेवले. आई पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात सुटे पैसे बांधायची. आयुष्यभर एकाच ठिकाणी बांधल्यामुळे त्या कोपऱ्यात कापड कायमचं चुरगळलं होतं. कितीही इस्त्री करा, त्या चुण्या जात नसत. सकाळी मला तो कोपरा आठवला. चौकोनांच्या ढिगात तो शोधायला मी दोन तास बसले होते. चुण्यांच्या मधूनच कात्री गेली होती. एक तुकडा सापडला, दुसरा आजवर सापडलेला नाही. गोधडी छान झाली, मुलांनी वापरली, अजून आहे. पण हातात धरायला पदर राहिला नाही.

तेव्हा लुगड्याला या महिन्यात कात्री लावू नकोस. गोधडी करायची नाही असं मी म्हणत नाहीये. ती कधी आणि कशी, ते खाली सांगते.

तुझ्या यादीतली सोळा कामं खोडून टाक. एकच ठेव, दुरुस्ती. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, रविवार तुझ्या हातात आहेत. मिस्साहून आल्यावर दोन तास बसलीस तरी डबा पुरा होतो. नवे तारे शिवणं चांगलंच आहे, पण यंदा ते शिवलेस तर जुने डब्यातच राहतील. पुढच्या पावसाळ्यात ते आणखी बिघडतील आणि मग नणंदेचं म्हणणं खरं ठरेल.

आता कामाचं. बुरशी लागलेलं कापड घरात झटकू नकोस. अंगणात ने, नाकाला रुमाल बांध आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने झाड. वेळ मात्र सांभाळ. आपल्याकडे थंडीत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा असतो. दुपारी दिशा फिरते, खारा वारा सुटतो आणि हवेतलं मीठ कापडावर बसतं. मीठ ओलावा ओढून घेतं, हे आपल्या घरातलं मिठाचं भांडं पावसाळ्यात पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून सकाळी आठ ते अकरा बाहेर आणि जेवणाच्या आधी सगळं आत. पांढरं उन्हात चालेल. रंगीत सावलीत, वाऱ्यावर, नाहीतर रंग उतरेल. दोन-तीन सकाळी असं केलंस की बुरसट वास निम्म्याहून जास्त जातो. बाकीचा धुण्याने जाईल, पण धुण्याआधी प्रत्येक रंगीत कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून बघ. फडक्याला रंग लागला तर ते कापड पाण्यात घालायचं नाही. जुना लाल रंग फार दगा देतो.

तारे ताठ राहावेत म्हणून सासूबाईंनी आत बहुधा पुठ्ठा घातला असेल, लग्नपत्रिकेचा नाहीतर साड्यांच्या खोक्याचा. आमच्याकडे सगळ्या बायका तेच करायच्या. पुठ्ठा ओलावा धरतो आणि कसरीला, म्हणजे कापड-कागद खाणाऱ्या किडीला, तो आवडतो. एका बाजूची शिवण उसव, पुठ्ठा काढ, तो ठेवून आकार आखून घे आणि तेवढाच तुकडा जुन्या प्लॅस्टिकच्या फाईलच्या कव्हरातून काप. कडेची जरीची किनार काळी पडली असेल तर घासू नकोस, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच. काळी किनार तशीच राहू दे.

मेंढीचं पोट फाटलंय ते बरंच झालं म्हण. तुला ती उघडावीच लागणार आहे. जुना कापूस बाहेर काढ, ओलीचा वास येत असेल तर फेकून दे. नवा भरताना बाजारातला कापूस चालेल, पण सावरीचा मिळाला तर सोनं. त्याच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो, पाणी चटकन शिरत नाही. आपल्या आज्यांच्या उशाही सावरीच्या असायच्या. एखाद्या जुन्या उशीतून मूठभर काढून घे, चार मेंढ्यांना तेवढा पुरतो.

पण भरण्याआधी थांब. मेंढी उलटी कर, आतली शिवण बाहेर आण आणि दिव्याखाली धरून नीट बघ. दोरा एकेरी आहे की दुहेरी? धावदोरा आहे की उलटी टीप? पायाच्या वळणावर टाके लहान झालेत का? कानाजवळ त्यांनी दोरा तोडला की तसाच पुढे नेला? शेवटची गाठ कुठे लपवली? मी चाळीस वर्षं शिवते आहे. एखाद्या बाईच्या शेजारी सहा महिने बसून जे कळणार नाही, ते तिची शिवण उसवताना कळतं. शिकवते म्हणायच्या ना सासूबाई? मग बस आता मेंढी घेऊन. त्यांनी जिथे उलटी टीप घातली असेल तिथे तूही उलटीच घाल. जमेल तेवढी जवळजवळ घाल, आणि तुझे टाके त्यांच्याइतके सारखे आले नाहीत तर उसवत बसू नकोस. दोरा घेण्याआधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घे, गुंतत नाही आणि ओलही धरत नाही. आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचे तुकडे तुझ्या घरात असतीलच. आणि डब्यात जुनी रिळं सापडली तर हातभर दोरा ओढून झटका देऊन बघ. पटकन तुटला तर रंग कितीही जुळो, वापरू नकोस.

आता बाळ. मला वाटतं, तुझ्या पत्रात तुला सगळ्यात जास्त तेच लागलंय. गंजलेल्या टाचण्या सरळ ओढू नकोस, गंजाने धागे पकडून ठेवलेले असतात, ओढलंस तर कापड फाटेल. चिमटीत धरून हळूहळू गोल फिरवत काढ. अंगरखा पांढरा आणि सुती आहे ना? मग गंजाच्या डागावर लिंबू पिळ, वर चिमूटभर मीठ घाल, तासभर सकाळच्या उन्हात ठेव आणि लगेच धू. चार वेळा तरी स्वच्छ पाण्यातून काढ, कारण लिंबाचा आंबटपणा राहिला तर सुती कापड पुढे विरतं. एकदा डाग गेला नाही तर दुसऱ्या दिवशी परत कर. तरीही पिवळी छटा उरली तर तिथेच थांब. परत घालताना टाचणी नको, दोन टाके घाल.

घाईही नाही. कितीतरी घरांत बाळ २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात ठेवतच नाहीत. मालवणला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं, त्यांच्याकडे मी हे लहानपणी पाहिलंय. तोवर गव्हाणी रिकामी, नुसतं गवत. त्याच घरातल्या आजीने मला सांगितलं होतं की असिसीच्या संत फ्रान्सिसनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गोठा मांडला, तेव्हा गवत खरं होतं आणि बैल-गाढवही खरेच आणले होते. ती आजी डिसेंबरच्या मध्यावर ताटात माती घेऊन नाचणी पेरायची. आठ-दहा दिवसांत हिरवंगार गवत यायचं आणि गोठ्याभोवती शेत तयार व्हायचं. हे काम तुझ्या मुलांना दे. १४-१५ तारखेला पेरा, रोज हाताने पाणी शिंपडा. ताटाखाली मात्र दुसरी थाळी ठेव, ओल कापडाला लागता कामा नये.

मुलांना दिव्यांचा तारा हवाय तर आणू दे ना! त्याची जागा दाराबाहेर आहे. कापडाचे तारे बाहेर टांगायचेच नसतात, खारी हवा त्यांना खाते. बाहेर बाजारातला, आत आजीचे. दिव्यांची माळ एलईडीची असेल तर ती फारशी तापत नाही. जुन्या बारीक बल्बांची असेल तर कापडापासून दूर ठेव, आणि कापसाच्या मेंढ्यांजवळ पेटती मेणबत्ती कधीच नको.

आता नणंदेबद्दल. ती टाकून दे म्हणाली म्हणून तुला राग आलाय, ते पत्रातून दिसतं. पण तिची आई गेलीय गं. डबा उघडल्यावर आईच्या हातची मेंढी पोट फाटून पडलेली बघणं तुला जड गेलं, तर तिला किती गेलं असेल? काही माणसांना वस्तू नको असते म्हणून ती टाक म्हणतात, आणि काहींना ती बघवत नाही म्हणून. तिला एका रविवारी घरी बोलाव. डब्याचा विषय तू काढू नकोस, फक्त मेंढ्या टेबलावर असू देत आणि शेजारी सुईदोरा. मला वाटतं, ती एक तरी उचलेल. नाही उचलली तर तिला चहा दे आणि गप्पा मारा, त्यातही काही कमी नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. ते लुगडं तिच्या आईचं आहे. तू प्रेमाने गोधडी करणार, यात मला शंका नाही, पण कापण्याआधी नवऱ्याला आणि नणंदेला विचारलंच पाहिजेस. कदाचित ती म्हणेल कापू नको, मला अख्खं हवं. तसं म्हणाली तर दे. तुझी गोधडी दुसऱ्या साडीची होईल, तिची आई दुसरी होणार नाही.

जाऊबाईंचं म्हणणं मला पटतं. तारे वाटले जावेत, अकरा तारे एका घरात डब्यात पडण्यापेक्षा चार घरांत टांगलेले बरे. पण यंदा नको. यंदा सगळे अकरा तुमच्याच घरी लागू देत, सगळ्यांना एकत्र बघू दे. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला उतरवाल तेव्हा जाऊबाईंना बोलाव आणि तेव्हा वाटा. गोठ्याची माणसं आणि मेंढ्या मात्र फोडू नका, त्या एकाच घरी राहू देत.

उतरवल्यावर पत्र्याचा डबा बाद कर, पावसाळ्यात पत्रा आतून घाम धरतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या जुन्या सुती कापडात एकेक गुंडाळ, कारण खळ असली की कसर आलीच. वर पुठ्ठ्याचं खोकं नको, प्लॅस्टिकची बंद पिशवी तर अजिबात नको. कापडी पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेव, समुद्राकडच्या भिंतीला लागून नको. डांबरगोळ्या घालायच्या तर कापडात बांधून आणि मण्यांपासून लांब, प्लॅस्टिकचे मणी त्याने चिकट होतात. मी स्वतः वाळलेला कडुनिंब वापरते. सप्टेंबरात, मोतमाउलीच्या जत्रेच्या सुमारास, ऊन पडेल त्या दिवशी एकदा सगळं बाहेर काढून वारा दे. एवढ्या एका दिवसाने वर्ष वाचतं.

मशीनला मात्र आजच रात्री तेल घाल. ते जानेवारीसाठी. वर्षभर बंद मशीन पावसाळ्यात घट्ट होते. सगळ्या भोकांत थेंब थेंब तेल टाक, शटलमधली रुई ब्रशने काढ आणि रात्रभर तशीच ठेव. दुसऱ्या दिवशी दोरा न ओवता चालव, मग चिंधीवर टीप मार. चिंधीला तेल लागायचं थांबेपर्यंत चांगलं कापड मशीनखाली नको.

गोधडीचं गणित आता सांगते. घरच्यांनी हो म्हटलं तर जानेवारीत, नाताळची धावपळ संपल्यावर ती हातात घे. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच. लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच धरू, तुझा मोजून घे. एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंच. लुगड्यातून ९० इंचांचे तीन तुकडे काप, ते एकमेकांना उभे जोडले की रुंदी होते १३५ इंच. वरची पाठ ६०, खालची पाठ ६०, म्हणजे १२०. शिवणीत आणि कडेला जायला १५ इंच उरतात. मध्ये दोन-तीन जुन्या सुती साड्या घाल, सिल्क किंवा पॉलिएस्टर नको, ते आत सरकतं. सगळं आधी धुऊन घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आतलं आकसेल आणि वर फुगे येतील. जमिनीवर पसरून आधी सगळीकडे कच्चे टाके घाल, मग कडेकडून मध्याकडे धावदोरा. रोज अर्धा तास बसलीस तर फेब्रुवारी पुरतो आणि बसताना ती मांडीवर ऊबही देते.

तीन तुकडे मिळून २७० इंच झाले. ३२४ मधून उरले ५४, म्हणजे बरोबर दीड वार. कापायला सुरुवात आतल्या टोकाकडून केलीस की हे उरलेले दीड वार पदराचे असतात. तो पदर अख्खा ठेव. त्याला कडेने तुरपाईसुद्धा नको, फक्त कापलेल्या बाजूला टीप मार म्हणजे धागे निघणार नाहीत.

यंदासाठी गोठ्याखालच्या आसनाचंही त्यातच येतं. लुगडं न कापता घडी घाल, अशी की पदर सगळ्यात वर येईल आणि चौकड्या टेबलाच्या कडेला समांतर बसतील. वर एक सुकलेली सुरूची फांदी आडवी टाक, नाचणीचं ताट थाळीसकट मागे ठेव, मेंढ्या डावीकडे, ज्या मेंढीचं पोट तू शिवलंस ती पुढे. मध्ये रिकामी गव्हाणी.